‘खूप’ आणि ‘अति’, ‘पण’ आणि ‘मात्र’: इंग्रजीचा सराव मराठी कानाने

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. परदेशी ग्राहकांना रोज मेल पाठवावे लागतात. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, पण लिहिताना ‘व्हेरी’च्या जागी ‘टू’ पडतं, ‘ऑल्दो’ लिहिलं की मागोमाग ‘बट’ येतंच, आणि ‘हाउएव्हर’ कुठे बसवायचं ते कळत नाही. परवा ‘द बुश इज टू टाइट’ असं लिहिलं आणि ग्राहकाचा घाबरून फोन आला. रोज अर्धा तास देऊ शकते. सराव नेमका कसा करू?”

ताई, त्या बुशपासूनच सुरुवात करते. (बुश म्हणजे यंत्राच्या भोकात बसवायची छोटी नळी.) तुम्हाला सांगायचं होतं की बुश चांगला घट्ट बसतोय. ग्राहकाने वाचलं की बुश नको इतका घट्ट आहे, म्हणजे माल परत घ्यावा लागणार. ‘व्हेरी टाइट’ आणि ‘टू टाइट’ यांत क्वालिटीवाल्यांच्या भाषेत पास आणि रिजेक्ट इतकं अंतर आहे, त्यामुळे त्याने फोन केला यात नवल नाही.

मी नाशिकमध्ये 24 वर्षं इंग्रजी शिकवते. सातपूर-अंबडचे कामगार, नर्सिंगच्या मुली, मुक्त विद्यापीठातून पदवी करणारी नोकरदार माणसं, असे विद्यार्थी येतात. पहिली काही वर्षं मी फळ्यावर यादी लिहायचे: व्हेरी म्हणजे खूप, टू म्हणजे खूप, सो म्हणजे खूप. मुलं यादी पाठ करायची आणि चुका तशाच राहायच्या. त्या यादीने माझे विद्यार्थी बरीच वर्षं अडकून पडले. आपल्या मराठीत हे सगळे फरक आहेत, आणि बारीक आहेत. फक्त ते एकेका सुट्या शब्दात मावत नाहीत. ते ‘च’मध्ये असतात, क्रियापदाच्या रूपात असतात, शब्द वाक्यात कुठे बसलाय त्यात असतात. म्हणून सराव शब्दाला शब्द जोडून करू नका, मराठी रचनेला इंग्रजी रचना जोडून करा.

‘टू’चंच बघा, दोन ओ असलेला टू. आपण म्हणतो, “चहा इतका गरम आहे की पिववत नाही.” “खोकं इतकं जड की उचलवत नाही.” हे ‘पिववत नाही, उचलवत नाही, बघवत नाही’ मराठीतलं फार सुंदर रूप आहे, आणि इंग्रजीतलं ‘टू हॉट टू ड्रिंक’, ‘टू हेवी टू लिफ्ट’ म्हणजे नेमकं तेच. तेव्हा कसोटी अशी ठेवा: वाक्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘त्यामुळे काहीतरी करता येत नाही’ असं जोडून बघा. जोडलं आणि अर्थ बरोबर आला, तर ‘टू’. विसंगत वाटलं, तर ‘व्हेरी’. तुमचा बुश घट्ट आहे, त्यामुळे काही अडलंय का? नाही. मग ‘व्हेरी’सुद्धा जरा जास्तच होईल, पण ‘टू’ तर नक्कीच नाही.

कॉलेज रोडवर मुलं एकमेकांना ‘टू गुड यार’ म्हणतात. दोस्तांत ते चालतं आणि समोरच्याला त्यातलं कौतुक कळतं. कामाच्या मेलमध्ये ते नको.

आता ‘जरा’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत चढत जाणाऱ्या शब्दांची पट्टी. नाशिकच्या माणसाला हे शिकवायला मला गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती फार उपयोगी पडला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकच विचारतं: मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी, की डोक्यावरून गेलं? पूर मोजायची ही नाशिककरांची जुनी पट्टी. तिच्यावर इंग्रजी शब्द चिकटवा. पायाशी ‘स्लाइटली’ किंवा ‘अ बिट’, म्हणजे जरा. गुडघ्याला ‘फेअरली’, बऱ्यापैकी. कमरेला ‘क्वाइट’ किंवा ‘रादर’. छातीला ‘व्हेरी’. गळ्याशी ‘एक्स्ट्रीमली’. आणि पाणी डोक्यावरून गेलं की मूर्ती ‘कम्प्लीटली’ बुडाली; त्याच्या आधीची घटका म्हणजे ‘ऑलमोस्ट’.

मग ‘टू’ या मारुतीवर कुठे आहे? कुठेच नाही, आणि हेच मुलांना एकदम पटतं. ‘टू’ पाण्याची उंची सांगत नाही, ते कुणाचं काय अडलं हे सांगतं. रामकुंडाशेजारी टपरी लावणाऱ्याला गुडघाभर पाणी आलं की ते ‘टू हाय’ झालं, त्याला सामान उचलावंच लागतं. सराफ बाजारातल्या दुकानदाराला तेच पाणी अजून ‘टू हाय’ नसतं; त्याच्यासाठी ते बरंच वर चढावं लागतं. पाणी एकच, पण दोघांचा ‘टू’ वेगळा. तुमच्याकडे ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची मर्यादा, दिलेला असतो ना, तोच तुमचा ‘टू’. टॉलरन्सच्या आत असेल तर कितीही घट्ट असो, ‘टू’ लिहायचं नाही. बाहेर गेलं आणि थोडक्यातच गेलं, तर ‘स्लाइटली टू टाइट’. खूपच गेलं, तर ‘फार टू टाइट’ किंवा ‘मच टू टाइट’. ‘व्हेरी टू टाइट’ असं इंग्रजीत होत नाही.

कमरेजवळचे दोन शब्द जरा नाजूक आहेत. ‘रादर’मध्ये बहुतेक वेळा नापसंती किंवा आश्चर्य असतं, ‘फेअरली’ मात्र चांगल्या गुणाला सहज लागतं. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा उतरतो. फिरायला आलेला माणूस समाधानाने ‘फेअरली कूल’ म्हणेल. बागेत रात्री शेकोट्या पेटवून द्राक्षं सांभाळणारा शेतकरी ‘रादर कोल्ड’ म्हणेल. ‘क्वाइट’ तर देशागणिक बदलतं. अमेरिकन माणसाचं ‘क्वाइट गुड’ म्हणजे खूप चांगलं. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट’वर जोर देऊन तेच म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘बरं आहे, ठीक’. शिवाय ‘क्वाइट फुल’, ‘क्वाइट इम्पॉसिबल’मध्ये त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’ असा होतो. म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे: ग्राहकाच्या मेलमध्ये ‘क्वाइट’ वापरूच नका. बोलण्यात ऐका, ओळखा, पण जिथे पैसे आणि माल गुंतलेत तिथे ‘फेअरली’ किंवा ‘व्हेरी’ लिहा, नाहीतर सरळ आकडा द्या.

पुढचा मुद्दा मला स्वतःला फार आवडतो. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, लालभडक, पिवळाधमक, थंडगार. या शब्दांच्या आधी ‘खूप’ लावून बघा: “सदरा खूप पांढराशुभ्र आहे.” कानाला खटकतं की नाही? कारण ‘शुभ्र’ने आधीच टोक गाठलंय. “अगदी पांढराशुभ्र” मात्र छान बसतं. इंग्रजीतही असेच टोकाचे शब्द आहेत: फ्रीझिंग, बॉइलिंग, ह्यूज, टायनी, एग्झॉस्टेड, परफेक्ट, एम्प्टी. त्यांना ‘व्हेरी’ लावला की इंग्रजी कानाला तसंच खटकतं. तिथे ‘अॅब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ हवं: अॅब्सोल्यूटली फ्रीझिंग, कम्प्लीटली एम्प्टी. आणि साध्या ‘कोल्ड’, ‘टायर्ड’, ‘बिग’ला ‘व्हेरी’. व्याकरणाच्या पुस्तकात याला ग्रेडेबल आणि नॉन-ग्रेडेबल म्हणतात. नावं लक्षात राहिली नाहीत तरी हरकत नाही, ‘खूप पांढराशुभ्र’ लक्षात ठेवा. अडलात तर ‘रिअली’ वापरा, तो दोन्हीकडे चालतो.

जाता जाता एक सांगते. ‘व्हेरी’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘खरा’. आपणही म्हणतोच, “खरंच छान आहे.” ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’मध्ये भय होतं, आता ते नुसते ‘खूप’ झालेत, आपल्याकडे ‘भयंकर आवडलं’ झालंय तसंच. जोर द्यायला माणसं सगळीकडे सारखेच शब्द उचलतात. त्यामुळे इंग्रजीतला हा भाग परका समजायचं कारण नाही.

काही चुका पटकन सांगते. ‘मच बेटर’ म्हणायचं, ‘व्हेरी बेटर’ नाही. तुलना आली की ‘व्हेरी’ बाजूला आणि ‘मच’ पुढे. ‘इनफ’ विशेषणाच्या नंतर येतो, ‘स्ट्राँग इनफ’. नामाच्या मात्र आधी, ‘इनफ टाइम’. ‘हार्ड’ म्हणजे कसून, ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. ‘शी वर्क्स हार्डली’ लिहिलंत तर कष्टाळू मुलीची बदनामी होते. आणि ‘हार्डली’बरोबर ‘नॉट’ लावू नका. ही चूक आपण का करतो तेही कळलं पाहिजे. मराठीतला ‘फारसा’ नकाराशिवाय उभाच राहत नाही: “फारसं काम झालं नाही.” आपण ‘फारसं’ला ‘हार्डली’ समजतो आणि सवयीने ‘नॉट’ही आणतो. पण ‘हार्डली’च्या पोटात नकार आधीच आहे.

आता विरोध दाखवणारे शब्द. इथे तर मराठी तुमच्या हातात तयार नकाशा देते.

“जरी पाऊस होता, तरी गाडी वेळेवर सुटली.” मराठीत जरी आणि तरी जोडीने येतात, म्हणून ‘ऑल्दो’ लिहिलं की तुमचा हात ‘तरी’ शोधत ‘बट’वर जातो. तुमचा हात मराठी वाक्य पूर्ण करतोय, यात निष्काळजीपणा नाही. इंग्रजीत एका वाक्याला एकच सांधा पुरतो: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, द ट्रेन लेफ्ट ऑन टाइम’. नाहीतर ‘इट वॉज रेनिंग, बट द ट्रेन लेफ्ट ऑन टाइम’. यासाठी मी एक उपाय करून घेते. ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू केलं की मधल्या स्वल्पविरामावर बोट ठेवायचं आणि ‘तरी’ मनात म्हणायचं, कागदावर नाही. आठवडाभर बोट ठेवा, मग त्याची गरज उरत नाही.

“पाऊस असूनही गाडी वेळेवर सुटली.” हे ‘असूनही, करूनही, सांगूनही’ म्हणजे इंग्रजीतलं ‘डिस्पाइट’. आपल्या रूपात जसं पूर्ण क्रियापद नसतं, तसंच ‘डिस्पाइट’नंतरही नसतं. नाम येतं किंवा आयएनजीचं रूप: ‘डिस्पाइट द रेन’, ‘डिस्पाइट वर्किंग लेट’. “तीनदा सांगूनही बदल केला नाही” हे ‘डिस्पाइट बीइंग टोल्ड थ्री टाइम्स’ होतं. आणि ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लावू नका. ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये. मराठी वाक्य ‘जरी’ने बनलं तर ‘ऑल्दो’, ‘ऊनही’ने बनलं तर ‘डिस्पाइट’. इतका सरळ जोड व्याकरणात क्वचितच सापडतो.

“पार्ट वेळेत पोचले. खोकी मात्र फाटलेली होती.” इथे ‘मात्र’ कुठे बसलाय पाहा: ज्याचा विरोध दाखवायचा त्या ‘खोकी’च्या लगेच नंतर. ‘हाउएव्हर’लाही ती जागा चालते: ‘द पार्ट्स अराइव्ह्ड ऑन टाइम. द बॉक्सेस, हाउएव्हर, वेअर टॉर्न.’ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतो, पुढे स्वल्पविराम द्यायचा. पण दोन वाक्यं जोडायचं काम त्याला देऊ नका. ते ‘बट’चं काम. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम हवा, किंवा अर्धविराम. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या मेलमध्ये तिथे नुसता स्वल्पविराम असतो.

“मिसळ छान होती. तिखट होती पण.” असं आपण बोलतो ना, ‘पण’ शेवटी टाकून? ते इंग्रजीतलं शेवटचं ‘दो’: ‘इट वॉज स्पाइसी, दो’. बोलण्यात हे आलं की तुमचं इंग्रजी एकदम सैल आणि मोकळं वाटायला लागतं. औपचारिक पत्रात नको.

मिसळीचा विषय निघालाच आहे तर क्रमाबद्दल बोलते, कारण पुस्तकं इथे घाईने पुढे जातात. “छान आहे पण तिखट आहे” आणि “तिखट आहे पण छान आहे.” माहिती दोन्हींत तीच. पहिलं ऐकून पाहुणा बिचकेल, दुसरं ऐकून उठून चालू लागेल. ‘पण’नंतर जे येतं त्याचं पारडं जड. ‘बट’चंही तसंच. ‘ऑल्दो’मध्ये उलट: ज्या तुकड्याला ‘ऑल्दो’ लागला तो हलका होतो, उरलेला जड राहतो. ग्राहकाला दिलासा द्यायचा असेल तर अडचण ‘ऑल्दो’च्या तुकड्यात घाला आणि उपाय मुख्य वाक्यात ठेवा. ‘वी हॅव फाउंड द कॉज, बट द शिपमेंट इज लेट’ असं लिहिलंत तर त्याच्या मनात उशीर राहील. ‘ऑल्दो द शिपमेंट इज लेट, वी हॅव फाउंड द कॉज’ लिहिलंत तर तुम्ही कारण शोधलंत हे राहील. दोन्ही वाक्यं खरी आहेत, लपवाछपवी कुठेच नाही. काय पुढे ठेवायचं ते तुम्ही ठरवलंत.

“नाशिक रोडला कडक ऊन होतं, तर पंचवटीत पाऊस.” हा ‘तर’ म्हणजे ‘व्हेअरअॅज’. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, भांडण लावायचं नाही. ‘उलट’ म्हणजे ‘ऑन द कॉन्ट्ररी’, आणि तो आधीचं म्हणणं खोडतो: “मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.” आपली मुलं ‘दुसरीकडे’ म्हणायचं असतं तिथे हा वापरतात. तिथे ‘ऑन द अदर हँड’ हवं. ‘नेव्हरदलेस’ म्हणजे ‘तरीही’. जड शब्द आहे, मेलमध्ये ‘स्टिल’ किंवा ‘इव्हन सो’ पुरतो.

आता तुमचा अर्धा तास. माझ्या अनुभवात रिकाम्या जागा भरून कुणी लिहायला शिकलेलं नाही. त्या सोडवा हव्या तर, पण पाच मिनिटांत संपवा. खरा वेळ पुढच्या गोष्टींना द्या.

रोज एक खरी घटना घ्या, त्या दिवशीचीच. समजा, द्वारका चौकात वाहतूक अडली आणि तरी तुम्ही वेळेत पोचलात. तीच घटना आधी मराठीत चार साच्यांत लिहा: पण, जरी-तरी, असूनही, मात्र. मग शेजारी त्याच क्रमाने इंग्रजीत. मराठी आधी लिहायचंच, ते गाळू नका. साचा तिथे दिसतो. पहिले चार-पाच दिवस हे कंटाळवाणं वाटेल आणि वेळ लागेल. दुसऱ्या आठवड्यात चारही वाक्यं दहा मिनिटांत होतात. त्यानंतर चारांतलं कुठलं आजच्या प्रसंगाला शोभतं ते निवडायचं आणि का ते एका ओळीत लिहायचं. निवड करता येणं हीच या विषयातली खरी पातळी आहे.

दुसरं, मारुतीची पट्टी वहीच्या पहिल्या पानावर उभी काढा आणि रोज तीन गोष्टी तिच्यावर ठेवा: आजचं ऊन, आजचं काम, आजचा डबा. पूर्ण वाक्यात, मोठ्याने. ‘द भाजी वॉज स्लाइटली सॉल्टी’ आणि ‘द भाजी वॉज टू सॉल्टी टू ईट’ यांतला फरक जिभेला कळला की लिहिताना गल्लत होत नाही. बोललेलं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पंधरा दिवसांनी पहिलं रेकॉर्डिंग ऐका.

तिसरं आठवड्यातून एकदाच. शक्य असेल तर सार्वजनिक वाचनालयात जा; 1840 पासून ते या गावात आहे. इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान घ्या आणि त्यातले फक्त विरोधाचे शब्द टिपा. किती वेळा ‘बट’ येतो आणि किती कमी वेळा ‘नेव्हरदलेस’, ते स्वतः मोजा. परीक्षेची तयारी करणारी मुलं दर वाक्याला ‘मोरओव्हर’, ‘हाउएव्हर’ पेरतात, कारण त्यांना वाटतं त्याने गुण मिळतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या भागात सुसंगतीला एक चतुर्थांश वजन आहे, आणि जोडशब्दांचा अतिरेक तिथे दोष धरला जातो.

आणि चौथं, जे तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं: मागच्या महिन्यातले स्वतःचे दहा मेल काढा. त्यातला प्रत्येक ‘टू’, ‘व्हेरी’, ‘ऑल्दो’, ‘हाउएव्हर’ अधोरेखित करा आणि वर दिलेल्या कसोट्या लावा. दुसऱ्याचे नमुने सोडवण्यापेक्षा स्वतःची चूक सापडली की ती जास्त काळ लक्षात राहते. तुमच्या बहुतेक चुका दोन-तीनच प्रकारच्या निघतील, आणि ते बघून तुम्हाला हायसं वाटेल.

त्या बुशच्या ग्राहकाला मी असते तर असं लिहिलं असतं: ‘द बुश इज फेअरली टाइट, बट इट इज विदिन टॉलरन्स.’ आणि खोक्यांबद्दल कधी लिहायची वेळ आली तर: ‘द पार्ट्स आर फाइन. द बॉक्सेस, हाउएव्हर, आर नॉट स्ट्राँग इनफ, सो वी आर चेंजिंग देम.’ आधी ही दोन्ही मोठ्याने वाचा, मग तुमच्या आजच्या मेलमधलं एक वाक्य याच साच्यात बसवून बघा.